नाकावरचा उंचवटा

४ फेब्रुवारी
नाकाच्या आत चुरा झालाय! डॉक्टरांनी कागदावर काढून दाखवलं. स्टुडिओतला दिव्याचा स्टँड तोंडावर कोसळला तेव्हा हाड डावीकडे सरकलं आणि मधली कूर्चा, म्हणजे मऊ हाड, खचली. नुसतं हाड सरकलं असतं तर नाकपुडीच्या आतून काम भागलं असतं, बाहेर ओरखडाही नाही. माझं मात्र खालून छेद देऊन, कातडी वर उचलून करावं लागणार. हाड पुन्हा मोडायचं, बरगडीची कूर्चा घालून नाक उभं करायचं.

"आधीचा, बाजूने काढलेला फोटो आणा," म्हणाले. माझा! आयुष्य गेलं लोकांचे फोटो काढण्यात. माझा एकच — ओळखपत्रावरचा, समोरून.

५ फेब्रुवारी
सगळे खण उपसले. नाही.

७ फेब्रुवारी
सख्ख्या बहिणीचं नाक तसंच असेल तर तिचा फोटो चालेल, असं डॉक्टर म्हणाले. तसंच आहे. दोघींना आईचंच नाक, मधे उंचवटा असलेलं. पण ताईला फोन करायचा म्हणजे... भांडण कधीच नव्हतं. आई होती तोवर तीच इकडच्या बातम्या तिकडे करायची. ती गेली आणि आमचं बोलणंच आटलं.

केला फोन. "येते," एवढंच म्हणाली.

१० फेब्रुवारी
ताई येऊन गेली. स्टुलावर बसली. "हनुवटी खाली, खिडकीकडे बघ" — इतक्या वर्षांनी बहीण आली आणि मी बोलले ते हे! "जेवतेस ना वेळेवर?" तिने विचारलं. "हो." मग बसची वेळ झाली. अर्धा चहा तसाच राहिला तिचा. मागाहून खूप रडू आलं. या नाकाने धड रडताही येत नाही.

११ फेब्रुवारी
फोटो डॉक्टरांना दिला. "सुबक नाक आहे," म्हणाले. ताईलाही एक प्रत पाठवली.

१९ फेब्रुवारी
झालं ऑपरेशन. "सोबत कोण?" नर्स सारखी विचारत होती. शेवटी शेजारच्या शिवणकामवाल्या काकूंनी घरी आणून सोडलं. ताईला कळवलं नव्हतं. उगीच तिची धावपळ, म्हणून — छे! ती नाही म्हणाली तर, या भीतीने.

२७ फेब्रुवारी
प्लॅस्टर निघालं. सूज आहे, पण नाक सरळ, श्वास मोकळा. आरशात एक बरी दिसणारी बाई होती. ओळखीची नव्हती. "उंचवटा कुठे गेला?" डॉक्टरांनी ताईचा फोटो पुढे सरकवला. "यात नाहीच की."

खरंच नव्हता! मुरूम, डाग, डोळ्यांखालचं काळं — गिऱ्हाइकाने सांगायच्या आत फोटोतून पुसायची माझ्या हाताला सवय. ताईचा उंचवटाही त्याच झपाट्यात साफ केला मी! डॉक्टरांनी तेच नाक मला दिलं. काय म्हणावं माझ्यासारख्या बाईला!

ताईला माझा नवा फोटो पाठवला. सोबत काही लिहिलं नाही.

२८ फेब्रुवारी
ताईचा फोन. दोन्ही फोटो शेजारी ठेवून बघितले म्हणाली. त्याच डॉक्टरांची वेळ घेतलीय तिने, सोमवारची. उंचवटा तासून घ्यायला! "तू होतीस तशी, तोवर बरं होतं गं. आता मी एकटीनेच आईसारखं दिसून काय करू?"

"नाकाला हात लावू देऊ नकोस कुणाला!" ओरडलेच मी. निघालेय तिच्याकडे.