दासीचे एक वाक्य

सर, तुम्हाला जाऊन इतकी वर्षे झाली, तरी तुमची आठवण काही चांगली येत नाही. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी एकादशी करणारी बाई, म्हणून बोलत नाही. नुसते लिहिते आहे, तेही जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर. तुमच्यासाठी कोरा कागद काढावा, असे तुम्ही काही केलेले नाही.

भडगावच्या शाळेतल्या त्या स्नेहसंमेलनातल्या नाटकात मी दासी होते. वाक्य एकच, "महाराज, दूत आला आहे." भांडी घासताना मी ते किती वेळा म्हटले असेन. पडदा उघडतो, मी पाऊल टाकते, आणि तोंड उघडायच्या आत विंगेतून तुमचा आवाज येतो, "महाराज, दूत आला आहे!" मुलांवर तुमचा विश्वास कधी नव्हताच. सगळ्यांची सगळी वाक्ये तुम्हीच आधी म्हणायचात, तीही शेवटच्या रांगेला ऐकू जातील अशी. खाली बसलेले एक आबा म्हणाले, "दूत वना भो, पन दासी कोठे शे?" मंडप हसला आणि माझे वाक्य घशातच राहिले. नंतर तुम्ही मलाच विचारलेत, "तोंडात दही विरजलं होतं का गं?" राजा झालेल्या तुमच्या लाडक्याची मात्र पाठ थोपटलीत, कारण तो तुमच्या मागोमाग पोपटासारखा बोलला.

तो पोपट आता इथे धुळ्यात नाटक शिकवतो. माझी सून नाट्यशिक्षिका व्हायला जळगावला शिकते आहे. त्यात आपल्या गावातल्या खऱ्या शाळेत जाऊन सराव पाठ घ्यावे लागतात, आणि तिला मार्गदर्शक मिळाला तो नेमका हा. मार्गदर्शन म्हणजे काय, तर मागच्या बाकावर बसायचे आणि ती बोलायच्या आत तिचे वाक्य मोठ्याने म्हणायचे. मुले मान वळवून त्याच्याकडेच बघतात. वर अभिमानाने सांगतो, "आमच्या सरांची पद्धत." खरूजही अशीच एकाची दुसऱ्याला लागते.

परवा कळण्याची भाकरी थापता थापता सून थांबली. "आई, उद्या शेवटचा पाठ. उद्याही असंच झालं तर मी हे शिक्षण सोडते. मला काही येत नाही, असंच मुलांना वाटतंय."

"त्याला नाटकात घे," मी म्हटले.

"सरांना? काय करू त्यांचं?"

"प्रेत कर. प्रेत बोलत नाही."

ती हसली, बऱ्याच दिवसांनी. "प्रेत व्हायला नाही म्हणतील ते."

"मग झोपलेला राजा कर. राजा म्हटलं की लगेच आडवा होईल. मी ओळखते त्याला."

झालाच आडवा. शेवटच्या पाठाला घरच्यांना बसू देतात, म्हणून मी गेले होते. दोन बाक जोडून त्यावर महाराज पडलेले, डोळे मिटून, पोटावर हात. मुलांनी त्यांना उठवायचे होते. एक मुलगी पुढे आली आणि अडली. सून वाक्य न सुचवता नुसती तिच्याकडे बघत उभी. असे थांबणे हेही शिकवणेच असते, हे तुम्हाला जन्मात कळले नाही. राजाचे ओठ हलले, पण झोपलेला ना तो. मग मुलगी वाकून म्हणाली, "ऊठ ना भो, चहा थंडा हुई ऱ्हायना." वर्ग हसला, राजाही हसला, आणि मग जो तो आपल्या बोलीत त्याला उठवायला लागला.

पाठ संपल्यावर तो माझ्यापाशी येऊन म्हणाला, "बघितलं ना ताई? आमच्या सरांचीच पद्धत." मला त्याने ओळखले नाही. दासी कुणाच्या लक्षात राहते? मी नमस्कार केला. अशा माणसावर मी शब्द खर्च करत नाही. रिक्षात सून घरापर्यंत पुढच्या नाटकाबद्दलच बोलत होती.

हे कॅलेंडर देव्हाऱ्याखालच्या खणात जाईल. तुमचा पत्ता असता, तरी तिकीट वाया घालवले नसते. एवढे मात्र सुनेलाही सांगितलेले नाही: आज सांजवात लावली तेव्हा घरात कुणी नव्हते. देवासमोर मी म्हणून पाहिले, "महाराज..." आणि थांबले, तुम्ही आधी म्हणाल म्हणून. कुणी म्हटले नाही. मग मी सगळे वाक्य म्हटले.