तेरा जानेवारी आणि बंधू डोसे यांचा वाटा

मी, एन्योनाम अगोर्सोर, वय एकोणसाठ, धंदा शिवणकाम, राहणार आफ्लाओ, घाना, कुणाच्या धाकाने नव्हे तर डोकं ठिकाणावर असताना हे लिहून ठेवते. डोक्याबद्दल शंका असणाऱ्याने माझ्याशी पाच मिनिटं भांडून पाहावं.

१. शिवणयंत्र आणि कात्र्या मुलगी सेफाकोर हिला. कापडाच्या कात्रीने कागद कापू नये.

२. पुढच्या वाटणीचं कारण नोंदवणं भाग आहे. तेरा जानेवारी १९६३ रोजी सीमेपलीकडे लोमेमध्ये सैनिकांनी टोगोच्या राष्ट्राध्यक्षांना ठार केलं. माझे वडील पाव आणायला निघाले होते. एक भरकटलेली गोळी त्यांनाही लागली. इतिहासात त्यांचं नाव नाही. १९६७ साली सैन्याने त्याच तारखेला पुन्हा सत्ता घेतली, आणि पुढे त्या दिवशी मिरवणूक निघू लागली. थोरले बंधू डोसे पहिल्या रांगेत नाचले. आई म्हणाली, “अरे, बाप गेला तो दिवस हा!” बंधू म्हणाले, “बाबा परत येणार आहेत का? नाचलं की नोकरी लागते.” लागली. गुडघे उत्तम होते. आई मला घेऊन सीमेअलीकडे आली.

३. तारखेवरचा डाग पुसावा म्हणून मी लग्न तेरा जानेवारीलाच ठरवलं, साल १९७२. त्या सकाळी रेडिओवर लष्करी बँड वाजू लागला. घानातही सैन्याने सरकार उलथवलं होतं. पाहुणे पळाले. सासूबाई ओरडल्या, “ही पोरगी सरकारं खाते!” नवरा एलोर्म म्हणाला, “मग जेवायला कमीच घेईल. चल आई, आक्प्ले गार होतंय.” तो सुतार होता. त्याचा रंधा माझ्याबरोबर पुरावा.

४. घर सेफाकोरला, त्यातली समुद्राकडची खोली मात्र बंधू डोसे यांना. दहा वर्षं ते येतात आणि “इथे वारा काय छान लागतो” म्हणतात. वकीलबाई अग्बेको सांगतात, ज्याला मृत्युपत्रातून काही मिळतं त्यानेच साक्षीदार म्हणून सही केली, तर त्याला दिलेलं रद्द होतं. तसं घडल्यास खोलीही सेफाकोरची. हे मी त्यांना दोनदा विचारून घेतलं.

आफ्लाओ, ९ ऑगस्ट २०११
सही: एन्योनाम अगोर्सोर

साक्षीदार:
१. फाफा अग्बेको, वकील
२. डोसे क्पोडो (“वाचायचं काय त्यात? आपण घरचीच माणसं,” असं म्हणून स्वखुशीने सही केली.)