आभाळाच्या रंगाचं विमान

४ जानेवारी, रविवार
आजपासून रोजनिशी. मोठं काम करणाऱ्या माणसाने नोंदी ठेवल्या नाहीत, की मागाहून लोक वाट्टेल ते सांगत बसतात.

विमान बांधून झालं. रिमोटवर उडणारं, दुसऱ्या महायुद्धातलं लढाऊ. बॉडी फोमची. मोटर फिरते, शेपूट हलतं, चाकं गोल आहेत. आता फक्त रंग आणि फिनिशिंग. दोन रविवारांचं काम. तिसऱ्या रविवारी मी मोकळा असेन आणि नवं काय सुरू करावं या विचारात असेन.

६ जानेवारी
सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. नंतर आमच्याकडे राहायला येणार, कायमच्या. साडूभाऊ तिसऱ्या मजल्यावर राहतात आणि त्यांच्याकडे लिफ्ट नाही. हे ते फार दुःखाने सांगतात. आज फोनवर दोनदा सांगितलं.

प्रश्न खोलीचा. पुढच्या खोलीत बायकोचा शिवणक्लास, मागच्या खोलीत माझं वर्कशॉप. बायको त्याला पसारा म्हणते. बरीच बोलाचाली झाली. शेवटी तिनेच तोडगा काढला. फेब्रुवारीच्या बावीस तारखेला आमच्या रिमोट विमानांच्या क्लबचा उड्डाण दिवस आहे. त्या दिवशी माझं विमान सगळ्यांसमोर उडालं आणि उडून धड परत आलं, तर ती शिलाई मशिनं हॉलमध्ये आणेल आणि आई पुढच्या खोलीत. नाही तर मागची खोली रिकामी करायची, कुरकुर न करता. मी तिथल्या तिथे हो म्हटलं. बिचारी. एवढी मशिनं हॉलमध्ये कशी मावणार, कुणास ठाऊक.

जाता जाता तिने आधीच्या तीन विमानांचा विषय काढला. ती विमानं नव्हती, तो अभ्यास होता.

११ जानेवारी, रविवार
प्राइमरचा पहिला हात. स्प्रेने मारला. शेपूट विरघळलं.

डब्यावर बारीक अक्षरांत लिहिलेलं आहे की फोमवर वापरू नये. महत्त्वाची गोष्ट ठळक लिहायला यांच्या जिवावर येतं. बाकी नुकसान नाही. बायकोने दारातून विचारलं, जळका वास कसला? रसायनांचा, म्हटलं. 

१२ जानेवारी
आधीच्या एका अभ्यासाचं शेपूट काढून याला बसवलं. मापात थोडा फरक आहे. भिंतीच्या भेगांत भरतात त्या लांबीने बुजवला. लांबी बरीच लागली. शेपूट आता आधीपेक्षा भक्कम आहे, हे एका परीने बरंच झालं.

१८ जानेवारी, रविवार
दिवसभर पॉलिश पेपरने घासलं. लांबी घासली, तर खाली खड्डा निघाला. खड्डा भरला, तर शेजारी उंचवटा. संध्याकाळपर्यंत मी पांढरा झालो होतो, घर पांढरं झालं होतं, आणि पुढच्या खोलीत कुणाचा तरी शिवायला आलेला काळा कोट पांढरा झाला होता. माझं दार नीट लागत नाही, त्याला मी काय करू?

२४ जानेवारी
क्लबमध्ये गेलो. कॅप्टन भेटले. हे आमचे सगळ्यात जुने सभासद. नोकरी टपाल खात्यात केली, पण सगळे कॅप्टनच म्हणतात. मी रंगाची योजना सांगितली. वरून हिरवे-तपकिरी पट्टे, खालून आकाशी, थेट युद्धात होतं तसं. कॅप्टन म्हणाले, छान आहे, पण एका पंखाखाली भडक नारिंगी पट्टा मारून घ्या. नाही तर हवेत गेल्यावर डावं-उजवं, वर-खाली काही कळायचं नाही.

मी शांतपणे ऐकून घेतलं. मग समजावलं, की लढाऊ विमान दिसू नये म्हणूनच असं रंगवतात. त्यावर म्हणाले, शत्रूला दिसू नये हो, तुम्हाला तर दिसायला हवं ना?

वय झालंय.

साडूभाऊ तिथेच होते. त्यांचं विमान लाल-पिवळं. आइस्क्रीमच्या गाडीला पंख लावल्यासारखं दिसतं. त्यांनी उगाचच मान डोलावली.

१ फेब्रुवारी, रविवार
वरचे पट्टे झाले. या वेळी पाण्यातला रंग, ब्रशने. पहिला हात पातळ झाला, म्हणून दुसरा. दुसऱ्यात ब्रशचे केस अडकले, म्हणून तिसरा. चिकटपट्टी काढताना थोडा रंग सोबत आला, म्हणून चौथा. माणसाने कामात चालढकल करू नये.

वैमानिकही रंगवला. कॉकपिटमध्ये बसतो, अंगठ्याएवढा. त्याला मुद्दाम माझ्यासारखी मिशी काढली. बायको म्हणाली, अगं बाई, हे तर हुबेहूब आमचे भावोजी! भावोजी म्हणजे साडूभाऊ. मिशी खोडली.

३ फेब्रुवारी
ऑफिसात साहेबांनी विचारलं, कानामागे हिरवं काय आहे? औषध, म्हटलं. ते काळजीत पडले आणि मला लवकर घरी पाठवलं. भला माणूस. घरी येऊन पाचवा हात मारला.

८ फेब्रुवारी, रविवार
सकाळपासून गच्चीवर. पोटाकडचा आकाशी रंग खऱ्या आकाशाशी जुळवत होतो. रंग जुळला की आकाश बदलायचं. ढग यायचे. उगाच यायचे. शेजारीण कपडे वाळत घालायला आली आणि मी रंगाची वाटी वर धरून उभा आहे हे बघून कपडे तसेच घेऊन खाली गेली. लोकांना जिज्ञासा म्हणून राहिलेली नाही.

दुपारी मात्र जमलं! पुठ्ठ्याचा तुकडा रंगवून वर धरला, तर माझी बोटं दिसत होती आणि पुठ्ठा दिसत नव्हता. असा आनंद मला लग्नातसुद्धा झाला नव्हता. हे इथेच राहू दे. रंग जरा जास्त झालाय, बादलीभर उरेल.

१४ फेब्रुवारी
विमान पूर्ण. आणि आता खरी कला, म्हणजे ते मळवणं. युद्धातलं विमान नवंकोरं कसं दिसेल? नाकाशी काजळी, पंखांवर तेलाचे ओघळ, दाराशी खरवडलेला रंग. ऑफिसला दांडी मारून दिवसभर बसलो. मान मोडली. पण काय मळलंय! बघत राहावं.

१५ फेब्रुवारी, रविवार
बायकोने विमान पुसलं.

ओल्या फडक्याने, साबण लावून. म्हणाली, रविवारी सगळ्यांसमोर न्यायचं आणि केवढं घाण करून ठेवलं होतंत. मला पाच मिनिटं बोलता येईना. तिला वाटलं मी भारावलोय. म्हणाली, अहो, राहू द्या, तेवढं तर मी करूच शकते. आता तिला काय बोलणार? परत मळवायला बसलो.

१९ फेब्रुवारी
पंखांखाली दोन बोटं लावून विमान तोलून बघायचं असतं. सरळ राहिलं पाहिजे. आमचं शेपटीवर बसतं. लांबी आणि रंगाचे हात, सगळं मागे जमलंय. उपाय सोपा, नाकात वजन घालायचं. पुढच्या खोलीत कापड दाबायची लोखंडी वजनं असतात. त्यातलं एक घेतलं. एक गेलं तर कळणारही नाही.

२० फेब्रुवारी
अजून एक घेतलं. आता तोल अगदी काट्यावर. विमान उचलताना 'हं' असा आवाज निघतो, पण ते माझ्या कंबरेमुळे.

संध्याकाळी बायको वजनं शोधत होती. मीही शोधू लागलो.

२१ फेब्रुवारी
उद्या! कॉम्प्युटरवर उड्डाणाचा सराव पूर्ण झाला. उतरवणं मला उत्तम जमतं, फक्त जागा तो कॉम्प्युटर ठरवतो.

बायकोने नारिंगी कापडाची एक लांब पट्टी आणून दिली, क्लासमधल्या कापडाची, कडा शिवून. म्हणाली, कॅप्टनकाका फोनवर म्हणत होते, पंखाला नुसती बांधली तरी चालेल. म्हणजे हे माझ्यामागून फोन करतात! मी म्हटलं, तुझ्या भावना कळल्या, पण इतिहासाशी बेइमानी मी करणार नाही. ती म्हणाली, मला काय, मी हरले तर हॉलमध्ये मशिनं येतील. आणि पट्टी घडी करून पर्समध्ये ठेवली. आवाज जरा पडल्यासारखा वाटला. हरायची भीती वाटत असणार.

२२ फेब्रुवारी, रविवार. सकाळी ६
आकाश बघितलं. माझाच रंग! एक ढग नाही. दैव अशी साथ क्वचित देतं.

त्याच दिवशी, संध्याकाळी
शांतपणे लिहितो.

मैदानावर पन्नासेक माणसं. साडूभाऊंचं आइस्क्रीम आधी उडालं, दोन गोल घेतले, उतरलं. टाळ्या पडल्या. लहान मुलांना असले रंग आवडतात.

मग आमचं. सगळे जवळ येऊन बघून गेले. कॅप्टन वाकून बघत म्हणाले, रंगकाम फार सुंदर आहे. हे त्यांचे शब्द, माझे नाहीत. मग म्हणाले, जड वाटतंय. बायको पर्स धरून उभी होती. तिने एकदा माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. नको.

सोडलं. मैदानाच्या टोकापर्यंत पळत गेलं, आता कुंपणात घुसतंय असं वाटेपर्यंत पळालं, आणि उचललं गेलं! उडालं! सगळे ओरडले, मीही ओरडलो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्या हातचं विमान वर, वर, आणि मी ते वळवलं, तशी पोटाची बाजू आमच्याकडे झाली.

आणि ते गेलं. म्हणजे होतं. आवाज येत होता. दिसत नव्हतं.

पन्नास माणसांनी पन्नास दिशांना बोटं दाखवली. कॅप्टन ओरडले, हात स्थिर ठेवा! कुणी म्हणे डावीकडे, कुणी म्हणे तुमच्या डोक्यावर, त्यावर सगळे खाली बसले. मग साडूभाऊ ओरडले, ते बघा, ते बघा! आणि मला दिसलं, लांब, उंच, तरंगत होतं. मी रिमोटची कांडी डावीकडे केली, ते डावीकडे वळलं. उजवीकडे केली, जरा वेळाने उजवीकडे. इतका सुंदर कंट्रोल मला कॉम्प्युटरवरही कधी जमला नव्हता. एक पूर्ण गोल घेतला.

मग त्याने पंख फडफडवले. घार होती.

तोवर आवाज थांबला होता.

शोधायला सगळेच निघाले. मैदानापलीकडे गुडघाभर गवत, मध्ये मध्ये माती. हिरवं आणि तपकिरी. एका ओळीने माणसं चालली, परत आली, पुन्हा गेली. कुणाला काही दिसेना. साडूभाऊ म्हणाले, मानलं बुवा, रंग काय जमलाय! ते चिडवत होते की खरंच म्हणत होते, मला कळलं नाही. मी धन्यवाद म्हटलं.

शेवटी बायकोला सापडलं. पायाखाली. आधी कर्रर्र आवाज आला आणि मग ती म्हणाली, अहो, इकडे या.

आपटून काय मोडलं आणि पायाने काय मोडलं, ते आता सांगता येत नाही. एक पंख शाबूत. नाकातून दोन लोखंडी वजनं बाहेर आली होती. बायकोने ती उचलली, माती पुसली आणि पर्समध्ये टाकली, नारिंगी पट्टीशेजारी.  बोलली असती तर बरं झालं असतं.

गाडीत मी मुद्दा मांडला, की विमान सगळ्यांसमोर उडालं. आणि परतही आलं. ती म्हणाली, आलं नाही, मी आणलं, पिशवीतून.

२३ फेब्रुवारी
एक नोंदवून ठेवतो. इतकं होऊनही रंगाचा एक टवका उडालेला नाही. पाच हातांचा फायदा.

खोली रिकामी करायला घेतली. वाईट वाटलं. खोटं कशाला लिहू, फार वाईट वाटलं. टेबल सरकवलं तर खाली पांढऱ्या धुळीत माझ्या चपलांचे ठसे होते. बायको झाडू घेऊन आली, ते बघून थांबली, आणि झाडू माझ्या हातात देऊन चहा टाकायला गेली.

१ मार्च, रविवार
भिंती रंगवल्या. आकाशी रंग बादलीभर उरलाच होता. छताला आणि चारी भिंतींना पुरला, दोन हात. खोली सुरेख दिसते. बारीक कामापेक्षा मला मोठं काम जास्त जमतं, हे आज कळलं.

शाबूत पंख बायकोने स्वतःहून पलंगासमोरच्या भिंतीवर लावला, पोटाकडची बाजू पुढे, टोक जरा बाहेर आलेलं. म्हणाली, तुमचं काही तरी राहू दे की या खोलीत. मी खिडकीकडे तोंड करून उभा राहिलो. डोळ्यांत धूळ गेली होती.

८ मार्च, रविवार
सासूबाई आल्या. वॉकर घेऊन अख्खी खोली फिरल्या, खिडकी आवडली, पलंग आवडला. दुपारी मी पाणी द्यायला गेलो तर म्हणाल्या, जावईबापू, एवढे दोन महिने खपून विमान केलंत म्हणे, आणि मला एक तुकडासुद्धा दाखवला नाहीत? मी म्हटलं, समोरच आहे. त्यांनी चष्मा लावला. बघितलं. चष्मा पुसला, परत बघितलं. मग अगदी हळू आवाजात मला म्हणाल्या, राहू द्या हो, नसेल नीट झालं तर एवढं मनाला लावून घेऊ नका.

संध्याकाळी त्या उठल्या आणि त्यांचं डोकं पंखावर आपटलं. फार लागलं नाही. आता टॉवेल तिथे अडकवतात. म्हणजे फळी कुठे आहे ते कळतं, म्हणाल्या.

रात्रीची भांडी आवरताना बायकोने पर्समधून ती नारिंगी पट्टी काढली आणि ओट्यावर ठेवली. मी म्हटलं, पट्टी गळून पडेल, उद्या रंगच आणतो. नारिंगी. छोटा डबा.

फक्त पंखाच्या कडेला. आणि तेही केवळ सासूबाईंसाठी.