वरच्या दोन खोल्या

१४ मे १९८८, हॅरो
काल किल्ल्या मिळाल्या, आज सामान आलं. इतकी वर्षं भाड्याच्या खोल्यांत काढल्यावर स्वतःचं घर. म्हणजे खालचा मजला. या रस्त्यावरची बाकीची घरं आम्हाला झेपणारी नव्हती. हे झेपलं ते वर मिसेस वेब आहेत म्हणून. सिटिंग टेनंट. लढाईच्या दिवसांपासून वरच्या दोन खोल्यांत राहतात, कायद्याने त्यांना कुणी उठवू शकत नाही, म्हणून घर स्वस्त. एजंट मागच्या बागेत हळूच म्हणाला होता की बाई ऐंशीला टेकल्यात. अरुणने मान डोलावली. मीही.
रश्मी पुढच्या खोलीत, सोफ्यावर. चौदा वर्षांची मुलगी, स्वतःचं दार नाही. ‘थोडे दिवस’ असं सांगितलंय. कशाचे थोडे दिवस, ते तिने विचारलं नाही.

२ जून
बाथरूम एकच, तीही वर. आज जिन्यात मिसेस वेब भेटल्या. उंच, वाळक्या, अ‍ॅप्रनला कडक इस्त्री. आंघोळीचे वार कोणाचे कोणते ते ठरवून टाकलं. मग म्हणाल्या, “आधीचे मालक मिस्टर कोल, तेही वाट बघायचे. बिचारे आधी गेले.”
टोमणा नव्हता. हवेबद्दल बोलावं तसं बोलल्या.  
अरुणला सांगितलं नाही.

९ नोव्हेंबर
रेंट ऑफिसर येऊन गेला. मिसेस वेबचं भाडं आम्ही ठरवायचं नाही, त्याने ठरवायचं. टेप लावून खोल्या मोजल्या, खिडक्यांच्या फटीत बोट घातलं, आम्हा दोघांशी आणि त्यांच्याशी सारख्याच अदबीने बोलला. अरुणने शेजारच्या घरातल्या खोल्यांचं भाडं सांगितलं. तो म्हणाला की ते बाजारभाडं. फेअर रेंट, म्हणजे रास्त भाडं, काढताना घरांची टंचाई धरायची नसते. सगळ्यांना पुरतील इतकी घरं आहेत असं समजायचं, आणि मग या खोल्यांचं किती येईल ते बघायचं.
तो गेल्यावर अरुण बराच वेळ हसत होता. “सगळ्यांना पुरतील इतकी घरं असती, तर आपण इथे असतो का?”
जेवताना परत तेच म्हणाला. तेव्हा हसला नाही.

२० फेब्रुवारी १९८९
मिसेस वेबना खोकला. आठवडाभर. छतातून येतो, अगदी डोक्यावर. काल संध्याकाळी एकदम थांबला. मी पोळ्या लाटत होते. हात थांबला, आणि माझ्या मनात आलं, मागची खोली रश्मीला. पडदे पिवळे.
मग परत खोकल्या. तवा जळत होता.
लॅबमध्ये दिवसभर लोकांचं रक्त तपासते. कुणाचे रिपोर्ट बिघडलेले दिसले की वाईट वाटतं. खरंच वाटतं.

११ ऑक्टोबर
घराच्या कर्जाचं व्याज परत वाढलं. कर्ज देणाऱ्या बिल्डिंग सोसायटीचं पत्र. मी आता शनिवारीही लॅबला जाणार.
अरुण जिन्याच्या तळाशी उभा होता, कठड्यावर हात ठेवून, मान वर. दिवा न लावता. “काय करतोस?” तर म्हणे, “काही नाही, गेल्या दोन दिवसांत दिसल्या नाहीत.” तेवढ्यात वर नळ सोडल्याचा आवाज आला. तो आत जाऊन पेपर वाचत बसला.

३ डिसेंबर
रश्मी अभ्यासाला वर जाते. मला आजच कळलं. मिसेस वेबच्या किचनमधलं टेबल, गॅसची शेगडी, शांतता. टीव्ही नाही. मी रागावले, तिथे त्रास द्यायला जाऊ नकोस म्हणाले. तिचं मराठी नेहमीसारखं. “आई, ती मला बोलावते. ती म्हणते, हा रूम पुढे तुझाच होणार, तर सवय कर.”
मी भांडी घासत राहिले. मग ती म्हणाली, “तुम्ही दोघं वाट बघतात ना? तिला माहीत आहे. तिला चालते.”
रूम तो की ती, हे सुधारायला गेले आणि सोडून दिलं.

२३ ऑगस्ट १९९०
रश्मीचा शाळेच्या GCSE परीक्षेचा रिझल्ट. उत्तम. शिरा केला, वरही नेऊन दिला. जिन्यात दोन बॅगा आणि एक टोस्टर. मिसेस वेबचा मुलगा आलाय, केन. पन्नाशीचा, ओला कोट, डोळे आईचे. ल्यूटनला घर होतं, हप्ते थकले, बिल्डिंग सोसायटीने काढून घेतलं. बायको बहिणीकडे गेली, हा इथे. रश्मीचं अभिनंदन केलं, शिरा उभ्यानेच खाल्ला आणि बशी धुऊन परत आणून दिली.

३० ऑगस्ट
अरुण म्हणतो, पाहुणा आहे, जाईल. दोन्ही बॅगा रिकाम्या होऊन पोटमाळ्यावर गेल्यात. पाहुणा असं करत नाही.

१७ जानेवारी १९९१
अरुण सॉलिसिटरकडे जाऊन आला. मिसेस वेब जायच्या आधी सलग दोन वर्षं मुलगा त्यांच्यासोबत राहिलेला असेल, तर त्यांच्यामागे तो राहू शकतो. बाजारभाड्याने, पण राहू शकतो. दोन वर्षं भरली नसतील तर नाही.
“म्हणजे त्या जर दोन वर्षांच्या आत...” अरुण म्हणाला आणि कोट टांगायला गेला. वाक्य तसंच राहिलं. पुढचं मला ऐकू आलंच.
मिसेस वेबनी आज माझ्या शालीची लोकर कुठली ते विचारलं.

५ एप्रिल
केनचं नाव कुठेच नाही. माणशी भरायच्या पोल टॅक्सच्या कागदावर नाही, दारावर नाही. पत्रं येत नाहीत. ल्यूटनचं घर विकूनही कर्ज फिटलेलं नाही, लोक मागावर आहेत, म्हणून तो कुठे नाव देत नाही. हे त्यानेच सांगितलं, बाग खणताना. या घरात राहतो आणि राहत नाही. संध्याकाळी आईचे पाय दाबतो, तिला वाचून दाखवतो. आवाज छतातून येतो, शब्द नाही.

२८ ऑक्टोबर
अरुणची नोकरी गेली. अर्धं ड्रॉइंग ऑफिस घरी बसवलं. तीन आठवडे मला सांगितलं नव्हतं, डबा घेऊन बाहेर जात होता.
केनला कसं कळलं कोण जाणे. खाली आला, किचनच्या दारात उभा राहिला, आत आला नाही. अरुणला म्हणाला, “एकच सांगतो. घराच्या किल्ल्या पाकिटात घालून बिल्डिंग सोसायटीला पाठवू नका. मला वाटलं तेवढ्यावर सुटलो. कर्ज मागे येतं.”
अरुणने थँक्स म्हटलं. मग टेबलाकडे बघत बसला. मला वाटतं, त्याला केनचा राग आला. मला भीती वाटली. दारात उभा होता तो माणूस म्हणजे आम्हीच, दोन वर्षं पुढचे.

८ मार्च १९९२
थकलेल्या हप्त्यांसाठी बिल्डिंग सोसायटीची तिसरी नोटीस. एजंट येऊन बघून गेला. वर माणूस असताना घर विकलं तर कर्जही फिटत नाही. रिकामं विकलं तर सुटतो. हे तो वर ऐकू जाईल अशा आवाजात बोलला. मी त्याला बागेत नेलं.

२१ जून
मिसेस वेब अंथरुणावर. नर्स येते. मी सूप करून नेते, वरण गाळून, मिरपूड घालून. आज त्यांनी माझा हात धरला. हात म्हणजे कागद. “घाई नाही ना?” म्हणाल्या. मी नाही म्हणाले. हसल्या.
नंतर बाथरूममध्ये नळ सोडून बसले.

९ सप्टेंबर
सकाळी गेल्या. केन खाली आला, माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. अरुण उठून उभा राहिला. दोघांनी हात मिळवले. अरुणच्या डोळ्यांत पाणी होतं, खरं पाणी. रात्री त्याने कॅलेंडर काढलं नाही. मीही नाही. गरज नव्हती, दोघांनाही माहीत होतं. केन येऊन दोन वर्षं आणि सतरा दिवस.

४ ऑक्टोबर
रश्मीला मँचेस्टरला सोडून आलो. युनिव्हर्सिटीच्या हॉलमध्ये स्वतःची खोली, दाराला कुलूप. तिने ते तीन वेळा लावून पाहिलं. परत येताना गाडीत अरुण म्हणाला की केन ख्रिसमसला आला, त्या साली. आधी नुसता येऊन-जाऊन होता.
मी खिडकीबाहेर बघत राहिले. थोड्या वेळाने परत म्हणाला. तिसऱ्यांदा म्हणाला तेव्हा त्याला ते खरं वाटायला लागलं होतं.

१६ नोव्हेंबर
बाथरूमचं दार ठोठावलं, सवयीने. आत कोणी नाही हे माहीत आहे. केन बाहेर गेलेला. तरी थांबले. टाल्कमचा वास. बऱ्याच वेळाने, आपण उत्तराची वाट बघतोय हे लक्षात आलं. खाली आले, आंघोळ न करताच कामावर गेले.
चार वर्षं बाई वर होत्या तेव्हा खालचं घर आमचं होतं. आता...

१२ जानेवारी १९९३
काउंटी कोर्टाची तारीख आली. आम्ही केनकडून वरच्या खोल्या रिकाम्या करून मागितल्यात. केनकडे कागद एकही नाही. तो म्हणतो ऑगस्ट, अरुण म्हणतो ख्रिसमस. सॉलिसिटर म्हणाला, मिसेसना विचारतील. मिसेस म्हणजे मी.

७ फेब्रुवारी
रश्मीचा फोन. अरुण दुकानात गेला होता. “आई, माझी रिझल्टची दिवस होती. शिरा होता. मी येऊन सांगू का?”
नको म्हणाले. अभ्यास कर.
“मग तू सांगशील?”
तिकडे कुणी तरी जिना उतरत होतं, हसत होतं. पैसे संपत आले असतील, फोन कट झाला. की तिने ठेवला.

१५ फेब्रुवारी
अरुणने चहा केला. बशीत बिस्किटं मांडली. कधी करत नाही. “तू ख्रिसमस म्हणू नकोस,” म्हणाला. “आठवत नाही, एवढंच म्हण. आठवत नाही हे काही खोटं नसतं.” त्याचे केस मागे विरळ झालेत. घर गेलं तर आपण कुठे जाणार, हे तो बोलला नाही. इतक्या वर्षांत एकदाही बोललेला नाही. बाजारभाड्याने खोल्या बघून आलाय, खिशात जाहिरातीचं कात्रण होतं, मी पँट धुवायला घेताना पाहिलं. एका खोलीला आमच्या हप्त्याहून थोडंसंच कमी.
इंग्रजीत म्हणून पाहिलं, भाजी चिरताना. आय डोन्ट रिमेंबर. सहज येतं. वाक्य लहान आहे.

१७ फेब्रुवारी, संध्याकाळ
उद्या कोर्ट. साडी नको, कोट-स्कर्ट, असं सॉलिसिटर म्हणाला. इस्त्री झाली.
आत्ता केन खाली आला. दाढी केलेली, वडिलांचा टाय. कोर्टाकडे बस कुठली जाते विचारत होता. अरुणने नंबर सांगितला, कुठे बदलायची तेही सांगितलं, मग म्हणाला, सकाळी त्या बसचा भरवसा नाही. म्हणाला, आमच्याबरोबर चला, गाडीत जागा आहे.
केनने माझ्याकडे पाहिलं. काही मागितलं नाही. कधीच काही मागितलेलं नाही या माणसाने. फक्त विचारलं, “मी मागे बसू?”
“नको, पुढे बसा,” अरुण म्हणाला. “तुमचे पाय लांब आहेत.”
म्हणजे मी मागे. सगळा रस्ता दोघांच्या माना माझ्यासमोर.