पुलाखाली कोण उभं राहिलं?

प्रिय ब्रिगेडियरसाहेब,

‘बाबा’ लिहिलं होतं, खोडलं. आज इथल्या, आयर्लंडमधल्या कासलबारच्या मराठी मंडळींनी तुमची शोकसभा घेतली. मला बोलायला लावलं आणि मी छान छान बोलले. उरलेलं इथं लिहितेय.

सगळं सांगितलं हो! तरुणपणी बर्फात काढलेले रस्ते, हातांनी उकरलेले सुरुंग, पुरात उभा केलेला तिस्तेवरचा पूल. तुमची ती लाडकी गोष्टही सांगितली. पहिला भरलेला ट्रक पुलावरून जाताना पूल बांधणाऱ्या अधिकाऱ्यानं खाली उभं राहायचं, पडला तर आधी त्याच्या डोक्यावर. तुम्ही दर वेळी उभे राहिलात. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत टाळ्या!

ताईचं लग्नही तुम्हीच ठरवलंत ना? तुमच्याच हाताखालचा कॅप्टन. ती नको म्हणाली तर म्हणालात, “मी पारखलाय त्याला. काळजी नको.”

तो मारायला लागला तेव्हा ती बॅग घेऊन आपल्या क्वार्टरच्या दारात आली. मी शाळेच्या युनिफॉर्ममध्ये तुमच्या मागे उभी होते. तुम्ही तिच्याशी बोललाही नाहीत. ड्रायव्हरला म्हणालात, “मेमसाब को स्टेशन छोड आओ.” पोटची पोर मेमसाब झाली? युनिटमध्ये चर्चा होईल म्हणून घाबरलात. सुरुंगाला न घाबरणारा माणूस!

ती नवऱ्याकडे गेलीच नाही. नागपुरात शिकवण्या घेत एकटी राहिली. आई गेली तेव्हाही तुम्ही तिला कळवू दिलं नाहीत. त्याचा राग माझ्या मनातून जाणार नाही, तुम्ही गेलात तरी.

आणि शेवटी हॉस्पिटलमध्ये माझा हात धरून काय मागितलंत? “अस्थी माझ्या पुलाखाली सोड.”

मी ताईला फोन केला. ती म्हणाली, “मीरा, तेव्हा नाही उभे राहिले. आता राख होऊन काय राहतायत! बघू. सांगते तुला.”

म्हणून तुम्ही सध्या इस्त्रीच्या कपाटात आहात. इथं कपाटाला प्रेस म्हणतात आणि ‘मजेत’ला ग्रँड. तुमचा नातू रोज विचारतो, “इज आजोबा ग्रँड इन देअर, ममा?” मी म्हणते, “ग्रँड.”

तर वचन देते. तुमच्या अस्थी मी सोडणार नाही. ताई म्हणेल तेव्हा, तिच्याच हातून जाल. कितीही वर्षं लागोत. तोवर बसा वाट बघत, तुमची बॅग भरून ठेवलीय. ती दार उघडेलच असं नाही.

ताईची बहीण,
मीरा