घरभेटीचा पेपर

बाई, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली. तरी हे तुम्हालाच सांगायला हवं. बी.एड.मधून घरभेट काढून टाकली, आणि ती तुमची होती.

मी मंगळवेढ्याहून नुकताच तुमच्या कॉलेजात बी.एड.ला आलो होतो. भवानी पेठेतल्या शाळेत माझा सराव पाठ चालू आहे, तुम्ही मागच्या बाकावर बसला आहात. पाचवीतली एक मुलगी पुस्तक धरून उभी राहते आणि गप्पच. मी तिला बसवतो, वहीत लिहितो, वाचता येत नाही. नंतर तुम्ही मला जिन्यात थांबवून विचारलंत, "तिच्या घरी कोणती भाषा बोलतात?" मला माहीत नव्हतं. त्याच संध्याकाळी तुम्ही मला तिच्या घरी नेलंत. आई विड्या वळत होती. नळाच्या बदललेल्या वेळांचं पत्रक आलं होतं, ते मराठीतलं पत्रक मुलगी घडाघडा वाचून आईला तेलुगूत सांगत होती. मला पाहिलं आणि थांबली. माझ्यासमोरच तिला वाचता येत नव्हतं. पुढच्या वर्षी तुम्ही विद्यापीठात भांडून घरभेट अभ्यासक्रमात आणलीत: प्रत्येकानं एक मूल घ्यायचं, वर्षभर त्याच्या घरी जायचं. तुमच्यामागं त्याच कॉलेजात ती मी शिकवत आलो.

यंदा देशभरासाठी नवा आराखडा आला. घरभेटीच्या जागी शैक्षणिक उद्योजकता. शिकवणीचं ॲप कसं चालवायचं, पालक हा ग्राहक कसा टिकवायचा, असे त्यातले घटक. अभ्यास मंडळावरच्या आम्ही सगळ्यांनी मिळून विरोध लिहून पाठवला. उत्तर आलं नाही. पुन्हा पाठवला, तेव्हा कळवलं की सूचनांची नोंद घेतली आहे, आणि आराखडा न स्वीकारणाऱ्या महाविद्यालयांच्या मान्यतेचा फेरविचार होईल. पुढच्या बैठकीत कुणी कुणाकडं बघेना. एक सहकारी हळूच म्हणाले, "कॉलेजच राहिलं नाही तर घरभेट कुठं ठेवायची, सर?"

श्रीपूरकडची एक विद्यार्थिनी ऊसतोड कामगारांच्या कोप्यांवर, त्या पाचटाच्या झोपड्यांत, एका मुलीकडं घरभेटीला जायची. तिनं मला व्हरांड्यात गाठलं. आता जायचं नाही का, असं विचारलं. मी म्हणालो, त्याचे गुण मिळणार नाहीत.

"गुणाचं न्हाय वो सर. ती वाट बगती."

मी तिला ऑफिसमध्ये काम आहे असं सांगून निघून आलो. काम काही नव्हतं.

बाई, हे पत्र पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी मी पाठवलं नसतं. विरोधाचं पत्र आम्ही सगळ्यांनी मिळून लिहिलं होतं. आराखडा स्वीकारल्याचा ठराव मात्र मी एकट्यानं लिहिला. 'एकमताने' हा शब्द त्यात घालायला मला कुणीही सांगितलं नव्हतं.