गेलेली धरून

४ नोव्हें. २०२०, डेल्फ्ट
आईचा फोन. "निखिल बोलतो का गं आता?" नाही. एप्रिलात बाळ पोटातच गेलं, पाचव्या महिन्यात. निखिलला खोकला होता म्हणून नवरा असूनही हॉस्पिटलात सोडलं नाही, बाहेर सायकलींपाशी उभा होता. तेव्हापासून त्या विषयावर चकार शब्द नाही. मी काय भिंतीशी बोलू?
संशोधनाचं काम घरूनच. कोकणातल्या बेटांवर बायकांना मुलं कमी, सह्याद्रीच्या वाड्यांत जास्त, असं का? प्रवास बंद, म्हणून फोनवर मुलाखती. बेटांवरचे नंबर निखिलनेच मिळवून दिले, तो तिथलाच ना.

१९ नोव्हें.
डोंगरावरच्या सखूबाई. मी नुसतं विचारलं, मुलं किती? "चार हायती, दोन गेली. सा लिव्ह." किती सहज! मला कुणी विचारलं की मी म्हणते, अजून नाही. फोन ठेवून खूप रडले.

६ डिसें.
आईने विणलेलं टोपडं नि.ने कपाटात पार मागे सारलं. कडाडून भांडले. "तुला काही वाटलं तरी का?" तो पावसात सायकल काढून गेला. चिंब होऊन आला, जेवला नाही. मीही वाढलं नाही.

१२ फेब्रु. २०२१
कालवा गोठलाय, पोरं स्केटिंग करतायत. खिडकीपासून लांब बसले.
आज बेटावरच्या अनसूयाबाई. मुलं किती? "दोन." मग जरा थांबून, "गेलेली पण धरायची का, बाय?"
हो म्हटलं. 
"मग पाच. आमच्यात गेलेल्याचं नाव काढीत नाय. काढलं का तो अडकून ऱ्हातो, त्याला जायला गावत नाय."
म्हणजे तिथे मुलं कमी नाहीतच कदाचित. माझा प्रश्नच अर्धा. सगळ्यांना परत फोन करावे लागणार. पण डोक्यात ते नव्हतंच. नि. डोक्यात होता. दहा महिने मी त्याला दगड समजत आले.

१४ फेब्रु.
नि. पॅसेजमध्ये सायकलीत हवा भरत होता. जवळ जाऊन बसले. म्हटलं, मुलाखत घेते तुझी.
"घे."
"मुलं किती?"
पंप थांबला. माझ्याकडे न बघता, अगदी हळू म्हणाला, "गेलेली धरून?"
मी हो म्हटलं.